नामसाम्य, मराठ्यांच्या इतिहासातील

नामसाम्य, मराठ्यांच्या इतिहासातील : एकाच नावाच्या दोन किंवा अधिक व्यक्ती इतिहासात आढळणे, यास नामसाम्य म्हणतात. जगातील बहुतेक राजघराण्यांत ते आढळते. इंग्लंडच्या गादीवर हेन्री नावाचे आठ आणि फ्रान्सच्या गादीवर लूई नावाचे अठरा राजे मानले जातात. मराठ्यांच्या इतिहासात मात्र नामसाम्य राजघराण्यापुरते मर्यादित नाही. सरदार, वतनदार, मुत्सद्दी, स्त्रिया व संतकवी या सर्वांच्या बाबतीत ते विपुल आढळते. त्यामागे योगायोगापेक्षा नामकरणाची परंपरा, दत्तकविधान, विवाहोत्तर नामांतर आणि काव्यातील नाममुद्रा ही कारणे आहेत. नाव हे व्यक्तीची ओळख पटविण्याचे साधन असले, तरी मराठी समाजात ते वतनाप्रमाणे वारशाने चालत आलेले दिसते. त्यामुळे केवळ नावावरून व्यक्ती ठरविता येत नाही आणि तसे केल्यास एकाचे कर्तृत्व वा दोष दुसऱ्याच्या पदरी पडतो.

नामकरणाची परंपरा : मृत आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. घरातील अकाली मरण पावलेल्या कर्त्या पुरुषाचे, विशेषतः काका वा भाऊ यांचे, नावही पुढच्या पिढीतील मुलास देत. यामागे त्या व्यक्तीची आठवण राहावी हा हेतू असे, तसेच पूर्वज घरात पुन्हा जन्म घेतो अशी श्रद्धाही असे. सासऱ्याचे व पतीचे नाव स्त्रियांनी उच्चारू नये, या संकेतामुळे आजोबांचे नाव धारण करणाऱ्या मुलास घरात दुसऱ्या नावाने हाक मारणे भाग पडे. आबासाहेब, बाबासाहेब, आप्पासाहेब, दादासाहेब, नानासाहेब, भाऊसाहेब ही नावे अशीच रूढ झाली. परंतु ती मोजकीच असल्याने त्यांतूनही नव्याने नामसाम्य निर्माण झाले. १८१७ साली सीताबर्डी येथे इंग्रजांशी लढलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले (मूळ नाव मुधोजी) आणि १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसविलेले आप्पासाहेब भोसले (मूळ नाव शहाजी) या सर्वस्वी भिन्न व्यक्ती होत. एकाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले व राज्य गमावले. दुसऱ्यास राज्य इंग्रजांच्या हातून मिळाले.

ओळख पटविण्याची जुनी साधने : जुन्या काळच्या लेखकांना या अडचणीची जाणीव होती. मराठी कागदपत्रांत व्यक्तीच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वलद’ हा शब्द घालून बापाचे नाव देत. त्यानंतर आडनाव, वतनाचा प्रकार व गाव यांचा उल्लेख येई. अमुक बिन तमुक, मोकदम, मौजे अमुक, परगणे तमुक, अशी ही ओळख पायरीपायरीने पूर्ण होत असे. वतनाचा वाद गोतसभेपुढे आला म्हणजे जो महजर तयार होई, त्यात दोन्ही बाजूंच्या अनेक पिढ्यांची नावे क्रमाने सांगितली जात. तेच नाव एका पिढीआड पुन्हा येत असल्याने, पिढी चुकली की वतनावरील हक्कही चुकत असे.

राजमुद्रांतही हेच तत्त्व दिसते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेत ते शहाजीचे पुत्र असल्याचा निर्देश आहे आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या मुद्रेत ते शिवाजीपासून जन्मल्याचा. म्हणजे राज्याच्या सर्वोच्च चिन्हावरही केवळ नाव पुरेसे मानलेले नाही. त्यास पित्याच्या नावाची जोड दिलेली आहे.

गावांच्या नावांबाबतही हीच पद्धत अवलंबिली गेली. एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली, की मोठ्यास बुद्रुक (फार्सी ‘बुजुर्ग’ वरून) व लहानास खुर्द म्हणत. व्यक्तींच्या बाबतीत थोरले व धाकटे, थोरल्या व धाकट्या ही विशेषणे तेच काम करीत.

सुपे, बारामती व इंदापूर परिसरातील उदाहरणे : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती आणि इंदापूर हे तालुके या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. बारामतीच्या वायव्येस सुपे, पूर्वेस इंदापूर आणि या दोहोंच्या दरम्यान बारामती–इंदापूर मार्गावर काटेवाडी, असा हा पट्टा आहे. सतराव्या शतकात तो शहाजी राजांच्या जहागिरीचा भाग होता. मराठी राजघराण्यात पुढे दोनशे वर्षे फिरत राहिलेली मालोजी, शहाजी, संभाजी व शिवाजी ही नावे या भूमीशी प्रारंभापासून निगडित आहेत.

शिवाजी महाराजांचे आजोबा, वेरूळच्या बाबाजी भोसल्यांचे पुत्र मालोजी हे निजामशाहीच्या सेवेत असता इंदापूरच्या लढाईत कामी आले, असे परंपरा सांगते. अहमदनगरचे पीर शाह शरीफ यांच्या कृपेने पुत्रप्राप्ती झाली, या श्रद्धेने मालोजींनी आपल्या दोन मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, ही कथा बखरींत प्रसिद्ध आहे. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मारले गेले. त्यांचे नाव मात्र संपले नाही. शहाजींचे पुत्र व्यंकोजी (एकोजी) यांनी तंजावर येथे राज्य स्थापिले आणि त्यांच्या वंशात ते सरफोजी या रूपाने दोनदा आले. पहिले सरफोजी १७१२ ते १७२८ या काळात गादीवर होते. दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) हे विद्याव्यासंगी राजे म्हणून विख्यात असून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट त्यांच्यामुळे झाली. एका सूफी पीराचे नाव अशा रीतीने अहमदनगरहून कावेरीकाठी पोहोचले. याच घराण्यातील शेवटच्या राजाचे नाव शिवाजी होते. १८५५ साली ते निपुत्रिक वारले व इंग्रजांनी ते राज्य संपुष्टात आणले.

अठराव्या शतकात बारामतीशी निगडित असलेल्या दोन व्यक्तींवरून गावाच्या नावाचा उपयोग स्पष्ट होतो. सावकार व सरदार बाबूजी नाईक जोशी हे बारामतीकर याच नावाने ओळखले जात. नाईक ही उपाधी व जोशी हे आडनाव दोन्ही सर्वत्र आढळत असल्याने व्यक्ती ठरविण्याचे काम गावाच्या नावाने केले. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे जावई होते. १७४० साली थोरल्या बाजीरावांच्या निधनानंतर पेशवेपद मिळविण्याचा बाबूजी नाईकांनी प्रयत्न केला होता. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा त्यास पाठिंबा होता. बाबूजींच्या आश्रयाने बारामतीस राहिलेले पंडित कवी मोरोपंत (१७२९–९४) यांचे पूर्ण नाव मोरोपंत रामचंद्र पराडकर. त्यांच्या शंभर वर्षे आधीचे मोरोपंत त्रिंबक पिंगळे (मृ. १६८३) हे शिवाजी महाराजांचे पेशवे होते. दोघेही केवळ ‘मोरोपंत’ म्हणून उल्लेखिले जातात; परंतु एकाचे क्षेत्र राज्यकारभार व रणांगण, तर दुसऱ्याचे आर्या व पुराण असल्याने घोटाळ्यास सहसा वाव राहत नाही. दोन्ही व्यक्ती एकाच क्षेत्रातील व एकाच काळातील असल्या, म्हणजे खरी अडचण उद्‌भवते. संभाजी हे नाव त्याचे ठळक उदाहरण होय.

संभाजी नावाच्या व्यक्ती : भोसले घराण्याच्या इतिहासात हे नाव प्रथम ठळकपणे येते, ते निजामशाहीतील खंडागळे हत्ती प्रकरणात. दरबार संपून सरदार बाहेर पडत असता खंडागळे यांचा हत्ती बिथरला आणि त्याला आवरण्यावरून जाधव व भोसले यांच्यात चकमक झडली. तीत मालोजींचे बंधू विठोजी यांचा पुत्र संभाजी याने लखूजी जाधवांचा पुत्र दत्ताजी यास ठार केले आणि लखूजींनी संभाजीचा वध केला. जिजाबाई लखूजींच्या कन्या व शहाजींच्या पत्नी असल्याने हा तंटा माहेर व सासर यांमधील होता. शहाजी व जिजाबाई यांच्या ज्येष्ठ पुत्राचे नावही संभाजीच होते. हे संभाजी पित्याबरोबर कर्नाटकात राहिले आणि १६५४–५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. शिवाजी महाराजांस १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर पुत्र झाला, तेव्हा त्याचे नाव संभाजी ठेवण्यात आले. ज्येष्ठ बंधूच्या मृत्यूस त्या वेळी जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती.

याच सुमारास शिवाजी महाराजांच्या निकटच्या वर्तुळात या नावाच्या आणखी दोन व्यक्ती होत्या. त्यांपैकी संभाजी मोहिते हे शहाजींच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे बंधू, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. सुपे परगणा त्यांच्या ताब्यात होता. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत, शिमग्याच्या पोस्ताचे निमित्त करून शिवाजी महाराज सुप्यास गेले आणि मामास कैद करून त्यांनी ते ठाणे घेतले, अशी हकीकत दिली आहे. ही घटना सामान्यतः १६५६ च्या सुमाराची मानतात. तळबीडच्या मोहिते घराण्याच्या वंशावळीनुसार महाराजांच्या पत्नी सोयराबाई आणि सरनोबत हंबीरराव मोहिते ही याच संभाजींची अपत्ये. म्हणजे सुप्याचे ठाणे गमावलेले मामा हे महाराजांचे सासरे, छत्रपती राजाराम यांचे मातामह आणि हंबीररावांच्या कन्या महाराणी ताराबाई यांचे आजोबाही ठरतात.

दुसरी व्यक्ती संभाजी कावजी कोंढाळकर. जावळीच्या प्रकरणात हणमंतराव मोरे यास मारणारा म्हणून सभासदाने त्याचा उल्लेख केला आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या अफजलखानाच्या भेटीत महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत तो होता. जखमी खानाची पालखी अडवून त्याचे शिर कापून आणण्याचे काम त्याने केले, असे बखरी सांगतात.

सारांश, १६५० ते १६६० या एकाच दशकात ज्येष्ठ बंधू, सावत्र मामा, पुत्र व अंगरक्षक असे संभाजी नावाचे चार पुरुष शिवाजी महाराजांच्या चरित्रात येतात. त्यांपैकी एक आदिलशाहीच्या चाकरीत मरण पावला, दुसऱ्याचे ठाणे महाराजांनी काढून घेतले, तिसरा पुढे छत्रपती झाला आणि चौथा प्रतापगडच्या प्रसंगामुळे लोकस्मृतीत राहिला. तत्कालीन पत्रात वा बखरीत नुसते ‘संभाजी’ असे नाव आले, की त्याचा संबंध कोणाशी लावावा हे आजूबाजूच्या संदर्भावरूनच ठरवावे लागते.

छत्रपती संभाजी महाराजांचा १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. १ फेब्रुवारी १६८९ रोजी ते संगमेश्वर येथे मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने भीमाकाठी त्यांचा वध केला. त्यांची समाधी वढू बुद्रुक येथे आहे. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. राजाराम व राजसबाई यांच्या १६९८ साली जन्मलेल्या मुलास याच छत्रपती चुलत्याचे नाव मिळाले. १७१४ साली पन्हाळ्यावर ताराबाईंची सत्ता संपुष्टात येऊन हे संभाजी कोल्हापूरच्या गादीवर आले. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारच्या शाहू महाराजांशी त्यांचा वारणेचा तह झाला आणि १७६० पर्यंत त्यांनी राज्य केले. याच काळात कोकणात कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांचे पुत्र संभाजी आंग्रे हे मानाजी आंग्रे या भावाशी झगडत सरखेलपद सांभाळीत होते, १७४२ साली ते वारले. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकातील कागदांतील संभाजी हे कोल्हापूरचे छत्रपती की सुवर्णदुर्गचे सरखेल, हा प्रश्न अभ्यासकास वारंवार पडतो.

शिवाजी, राजाराम व शाहू : राज्यसंस्थापकाचे नाव पुढील पिढीत येणे स्वाभाविक होते. छत्रपती संभाजींचे पुत्र (जन्म १६८२) आणि राजाराम व ताराबाई यांचे पुत्र (जन्म १६९६) या दोघांचीही नावे आजोबांवरून शिवाजी ठेवण्यात आली होती. संभाजीपुत्र शिवाजी १६८९ मध्ये रायगडाच्या पाडावानंतर मोगलांच्या कैदेत गेले व पुढे शाहू याच नावाने ओळखले जाऊ लागले. १७०७ साली त्यांची सुटका झाल्यावर ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला आणि आपल्या पुत्राचा पक्ष पुढे केला. सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांची फूट म्हणजे एकाच आजोबांचे नाव मिळालेल्या दोन नातवांच्या हक्कांचा वाद होता. त्यांपैकी एक शाहू म्हणून प्रसिद्ध झाले नसते, तर त्या काळातील कागदपत्रे उलगडणे फार कठीण झाले असते.

राजाराम या नावाचीही हीच गत आहे. जिंजीहून राज्य राखणारे छत्रपती राजाराम (१६७०–१७००) यांस समकालीन लेखनात कित्येकदा रामराजा म्हटलेले आढळते. १७४९ साली शाहू महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले व १७५० मध्ये साताऱ्याच्या गादीवर बसलेले छत्रपतीही रामराजा याच नावाने प्रसिद्ध आहेत. थोड्याच काळात ताराबाईंनी त्यांस कैद केले आणि ते आपले नातू नव्हेत असे जाहीर केले. १७७७ साली त्यांचे निधन झाले. दोहोंमधील अंतर अर्धशतकाचे असल्याने कागदाचा काळ ठरला, की व्यक्तीही ठरते.

दत्तकविधान व नामांतर : कोल्हापूरच्या गादीवर नामसाम्याचा आणखी एक प्रकार आढळतो. औरस पुत्र नसल्याने तेथे वारंवार दत्तक घ्यावा लागला आणि दत्तकाचे मूळ नाव बदलून त्यास पूर्वजांपैकी एकाचे नाव देण्यात आले. संभाजींच्या पत्नी जिजाबाई यांनी १७६२ मध्ये दत्तक घेतलेल्या मुलाचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. त्यांनी १८१३ पर्यंत राज्य केले. त्यांच्यानंतर शंभू ऊर्फ आबासाहेब (१८१३–२१), शहाजी ऊर्फ बावासाहेब (१८२१–३८) आणि पुन्हा शिवाजी (१८३८–६६) गादीवर आले. १८६६ साली दत्तक घेतलेल्या नागोजीराव पाटणकर यांचे नाव राजाराम झाले. यूरोपच्या प्रवासात असता १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतरचे दत्तक नारायणराव हे शिवाजी झाले (१८७१–८३). १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक गेले. तेच राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२). त्यांचे पुत्र राजाराम १९२२ ते १९४० पर्यंत गादीवर होते. पुढे १९४७ साली देवासचे विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर आले, तेव्हा त्यांचे नाव शहाजी ठेवण्यात आले.

या परंपरेत नाव जवळजवळ पदाप्रमाणे वापरले गेले. वंश रक्ताने खंडित झाला, तरी नावाने तो अखंड असल्याचे त्यातून सूचित होई. प्रजेच्या दृष्टीने गादीवर पुन्हा एक शिवाजी किंवा एक राजाराम बसत असे. मात्र दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मनाव व जन्मघराणे बखरी आणि सरकारी कागद यांखेरीज अन्यत्र क्वचितच उरले.

नंतरच्या काळातील वाचकाची यामुळे दिशाभूल होण्याचा संभव असतो. १८८१–८२ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरच्या ज्या शिवाजी महाराजांची बाजू घेऊन दिवाण माधवराव बर्वे यांवर टीका केली आणि ज्यापायी टिळक व आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, ते शिवाजी महाराज म्हणजे नारायणराव हे मूळ नाव असलेले तरुण राजे होत. १८८३ मध्ये अहमदनगर येथे त्यांचा मृत्यू झाला. त्याचप्रमाणे, बाजीराव पेशव्यांना मोहिमांवर पाठविणारे शाहू महाराज (१६८२–१७४९) साताऱ्याचे, तर १९०२ साली आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारे शाहू महाराज कोल्हापूरचे. ‘राजर्षी’ हे विशेषण आज या दोहोंमधील भेद दाखविण्याचेही काम करते.

इतिहासकारांनी सोयीसाठी ‘पहिला’, ‘दुसरा’ असे क्रमांक वापरले. ही यूरोपीय पद्धत असून मूळ मराठी कागदांत ती आढळत नाही. शिवाय क्रमांक कोठून मोजावयाचा, यावर तो अवलंबून राहतो. राज्यसंस्थापकापासून मोजल्यास ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी ठरतात. केवळ कोल्हापूरची गादी धरल्यास तेच पहिले होतात. त्यामुळे क्रमांकाबरोबर गादीचे नाव व कारकीर्दीची वर्षे देणे आवश्यक ठरते.

पेशवे घराणे : भट घराण्यात बाळाजी, बाजीराव, चिमाजी व माधवराव ही नावे पुन्हा आलेली आहेत. वसई जिंकणारे (१७३९) चिमाजी आप्पा हे थोरल्या बाजीरावांचे बंधू. तर १७९६ मध्ये अल्पकाळ पेशवेपदावर बसविलेले चिमाजी आप्पा हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू. बाजीराव व चिमाजी ही भावांची जोडी नावानिशी पुन्हा अवतरली. कर्तृत्व मात्र नावाबरोबर आले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या त्यांच्या पुत्राचे नाव, १७७२ मध्ये निवर्तलेल्या कर्तबगार चुलत्यावरून, माधवराव ठेवण्यात आले. ‘सवाई’ हे विशेषण दोहोंत भेद दाखविते, तसेच पुतण्या चुलत्याहून सवाई निघावा ही अपेक्षाही व्यक्त करते. पानिपतच्या वेळचे पेशवे बाळाजी बाजीराव आणि १८५७ च्या उठावातील धोंडोपंत हे दोघेही नानासाहेब पेशवे म्हणून ओळखले जातात.

नावाचा गैरफायदाही घेतला गेला. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; परंतु त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनात शंका राहिली. आपणच भाऊसाहेब आहोत असे सांगणाऱ्या तोतयाने १७७६ मध्ये कोकणात फौज जमवून किल्ले घेतले. अखेर त्यास पकडण्यात आले, चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि त्याच वर्षी त्यास देहदंड देण्यात आला. नाव सिद्ध करणे हा प्रश्न केवळ कागदोपत्री नव्हता, त्यावर राज्याचे स्थैर्यही अवलंबून होते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

स्त्रियांची नावे : विवाहानंतर मुलीचे नाव बदलण्याच्या प्रथेमुळे स्त्रियांच्या बाबतीत नामसाम्य अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. भोसले घराण्यात शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई (मृ. १६७४) आणि कोल्हापूरचा कारभार पाहणाऱ्या जिजाबाई (मृ. १७७३) या दोन कर्तबगार स्त्रिया एकाच नावाच्या आहेत. आनंदीबाई हे नाव पुष्कळांच्या ध्यानात राहिले आहे ते रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नीमुळे. परंतु याच नावाच्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केली. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई (बाया) कर्वे यांचे माहेरचे नाव गोदू होते. या दोघींस आनंदी हे नाव विवाहाने दिले.

पुरुषाचे नाव कुळातून येई, तर स्त्रीचे सासरहून. त्यामुळे माहेरच्या कागदांत एका नावाने असलेली स्त्री सासरच्या कागदांत दुसऱ्याच नावाने येते आणि ती एकच असल्याचे सिद्ध करण्यास स्वतंत्र पुरावा लागतो. पुष्कळदा महजरांत व वंशावळींत स्त्रियांची नावेच नसतात. अमक्याची स्त्री, तमक्याची आई असा उल्लेख असतो. पुरुषांच्या इतिहासात एका नावाच्या अनेक व्यक्ती आढळतात. स्त्रियांच्या इतिहासात पुष्कळदा व्यक्ती आढळते व तिचे नाव आढळत नाही.

संतकवींच्या नाममुद्रा : अभंगाच्या शेवटी कवीचे नाव गुंफण्याच्या पद्धतीमुळे रचनेचे कर्तृत्व टिकून राहिले, पण तेच नाव धारण करणाऱ्या नंतरच्या कवींची रचना आधीच्या कवीच्या नावावर जमा होण्याचा मार्गही खुला झाला. संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या नावावर असलेल्या अभंगांत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याची रचना मिसळलेली आहे. विष्णुदास नामा हा संत एकनाथांचा समकालीन असून त्याने महाभारतावर ओवीबद्ध रचना केली. विष्णूचा दास या अर्थी ‘विष्णुदास’ हा शब्द नामदेवांनीही वापरलेला असल्याने केवळ नाममुद्रेवरून निवाडा होत नाही. भाषेची प्राचीनता, विषय व हस्तलिखिताचा काळ पाहूनच तो करावा लागतो.

याउलट, एक मानलेल्या व्यक्तीच्या ठिकाणी दोन व्यक्ती कल्पिल्याचेही उदाहरण आहे. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने १८९८–९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून, ‘ज्ञानेश्वरी’ लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंगकर्ते ज्ञानेश्वर हे भिन्न होत, असे मत मांडले. त्यावर मोठा वाद झाला. बहुसंख्य अभ्यासकांनी हे मत स्वीकारले नाही. तथापि अभंगांची भाषा व पाठ यांची चिकित्सा करण्यास त्यामुळे चालना मिळाली.

दर वर्षी आषाढी वारीत देहूहून पंढरपूरला जाणारी संत तुकारामांची पालखी बारामतीनंतर काटेवाडी येथे येते. तेथे पालखीच्या मार्गावर धोतरांच्या पायघड्या घालतात व पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. संत तुकाराम (१६०८–५०) यांच्या नावाचा प्रभाव असा, की पुढील काळातील कवी तुकाविप्र हाही त्याच नावाने ओळखला गेला. एकोणिसाव्या शतकात संत तुकारामांच्या गाथेची एक आवृत्ती सिद्ध करणारे प्रकाशक तुकाराम तात्या पडवळ हे त्यांचेच नाव धारण करणारे होते. ‘जातिभेद विवेकसार’ या ग्रंथाचे कर्ते म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत.

संशोधनाची पद्धती : एका नावाच्या व्यक्तींचा भेद ठरविताना प्रथम कागदाचा काळ निश्चित करतात. मराठी कागदांत शालिवाहन शकाबरोबर शुहूर सन आणि १६७४ पासून राज्याभिषेक शक यांचा वापर आढळतो. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन मिळतो. काळ ठरल्यावर त्या वेळी हयात असलेल्या त्या नावाच्या व्यक्तींची यादी करून पित्याचे नाव, आडनाव, पद, गाव, मुद्रा व हस्ताक्षर या क्रमाने छाननी केली जाते. बखरी बहुधा घटनांनंतर लिहिल्या गेल्या असून त्यांत एका व्यक्तीची कथा त्याच नावाच्या दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध व्यक्तीकडे ओढली जाण्याची प्रवृत्ती दिसते. म्हणून बखरीतील नावास अस्सल पत्राचा वा महजराचा आधार शोधणे आवश्यक मानले जाते. वंशावळींच्या बाबतीतही अशीच दक्षता घ्यावी लागते. कारण वतनाच्या वादात नाव तेच ठेवून एखादी पिढी गाळणे किंवा वाढविणे सोपे असे.

नामसाम्याचा निवाडा हा वरवर पाहता तपशिलाचा प्रश्न वाटतो. परंतु प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाखाली तिच्या नामबंधूंचे अस्तित्व झाकले जाते. कनकगिरीस पडलेले संभाजी, सुप्याचे संभाजी मोहिते किंवा महाभारतकर्ता विष्णुदास नामा यांस इतिहासात स्वतंत्र स्थान मिळाले, ते अशा छाननीमुळेच.